पलीकडची उनाया

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी सीमेच्या ठाण्यावर अर्ज दिला. तो रिम्मानं लिहून दिला होता, कारण माझं रशियन बोलण्यापुरतं ठीक आहे, सरकारी कागदापुरतं नाही. रिम्मा आमच्या गावच्या दवाखान्यात असते. शिकून डॉक्टर झालेली नाही, पण गावाला डॉक्टर तीच. अर्जात एवढंच होतं की माझी बायको विनिफ्रेड, वय सत्तावन्न, हिला पोटाचा कॅन्सर आहे. तिची धाकटी बहीण समोरच्या बेटावर राहते. जूनमध्ये समुद्रावरचं बर्फ हललं की एकदाच, फक्त एकदाच, तिला माझ्या होडीतून तिकडे पोचवू द्यावं. मी तिला उतरवून त्याच दिवशी परत येईन.

विनिफ्रेड हे कागदावरचं. घरात ती उनाया.

बेट अमेरिकेचं आहे आणि आमचा किनारा रशियाचा. मधे ऐंशी किलोमीटर पाणी. दोन्हीकडची माणसं एकच. भाषा एक, नाच एक, ढोल एक. माझ्या आजोबांची बहीण लग्न होऊन बेटावर गेली होती. सन अठ्ठेचाळीसमध्ये मॉस्को आणि वॉशिंग्टनचं बिनसलं आणि वाट बंद झाली. आजोबा टोकावरच्या जुन्या गावात राहायचे. तिथून स्वच्छ दिवशी बेट दिसतं. पुढं सरकारनं ते गावही उठवलं आणि आम्हाला खाडीच्या आत आणून बसवलं, जिथून बेट दिसत नाही. आजोबा वारले तोवर बहिणीचा एक निरोप आला नव्हता.

चाळीस वर्षांनी वाट उघडली. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात बेटावरून तीन होड्या आल्या. एकीत उनाया होती, काकांबरोबर, पंचवीस वर्षांची. आठ दिवस राहायला आली ती परत गेली ती फक्त कपडे आणायला. त्याच वर्षी आमचा देश मोडला आणि दुकानातलं पीठ संपलं. दोन हिवाळे आम्ही वॉलरसचं मांस आणि चहा यावर काढले. तिचा पासपोर्ट अमेरिकेचा होता, ती केव्हाही जाऊ शकली असती. गेली नाही. तिच्या काकांनी होडीतून पिठाची पोती आणली आणि होडीचं एक इंजिन आणलं. आमचा मकार, जो माझ्याच होडीवर हारपून, म्हणजे शिकारीचा भाला, फेकतो, तो अजून म्हणतो की तिमोफेईला, म्हणजे मला, अमेरिकेनं हुंडा दिला, आणि एवढा हुंडा घेऊनही याला स्वयंपाक स्वतःच करावा लागतो. ते खरंच होतं. उनायाला मासा उकडण्यापलीकडे काही येत नसे.

आता नावाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात माणूस गेलं की त्याचं नाव मोकळं होतं. घराण्यात जे पुढचं मूल जन्मतं त्याला ते देतात. मग ते मूल म्हणजे तेच माणूस. माझ्या धाकट्या भावाला आईच्या वडिलांचं नाव मिळालं होतं, तर आई त्याला ‘बाबा’ म्हणायची आणि कधी हात लावायची नाही. आम्ही बाकीचे मार खायचो आणि तो बघत बसायचा. पण नाव द्यायचं ते माणूस गेल्यावरच. जिवंत माणसाचं नाव काढून दुसऱ्याला देत नाहीत. एक नाव दोघांना पुरत नाही, असं आमची म्हातारी माणसं म्हणायची.

आम्हाला मूल झालं नाही. माझा भाऊ समुद्रात गेला, त्याच्यामागे कुणी नाही. या बाजूला उनायाचं नाव घ्यायला कुणी नव्हतं. बेटावर मात्र तिच्या धाकट्या बहिणीची, डेलोरिसची, नात गरोदर होती. जानेवारीत अनादिरच्या, म्हणजे आमच्या भागातल्या मोठ्या शहराच्या, दवाखान्यातल्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन दोन महिने, फार तर तीन, असं सांगितलं. उनाया आत होती. बाहेर आल्यावर डॉक्टर काय म्हणाला ते तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं की डेलोरिसच्या नातीचे दिवस कधी भरतात.

त्याच दिवशी ग्लाफिराच्या घरून आम्ही बेटावर फोन लावला. ग्लाफिरा माझी चुलत बहीण, अनादिरला एका शाळेत स्वयंपाक करते, आणि परदेशी फोन लावण्याचे सगळे आडमार्ग तिच्या पोराकडून शिकली आहे. मी डेलोरिसला जसं होतं तसं सांगितलं. दोन महिने, फार तर तीन. ती रडली नाही. म्हणाली, तिला इकडे आण. मी म्हणालो आणतो.

पण कसं आणणार? पूर्वी आम्हा किनाऱ्याच्या लोकांना व्हिसाशिवाय जाता यायचं, विमान यायचं, होड्या जायच्या. युक्रेनची लढाई सुरू झाली आणि ते सगळं बंद पडलं. तिला जायची मनाई नव्हती. अनादिरहून मॉस्को, मॉस्कोहून तुर्कस्तान, तिथून अमेरिका, मग अलास्का, मग आणखी दोन विमानं. समोरच्या घरात जायला सगळ्या पृथ्वीला वळसा. तिला अनादिरहून गावात आणतानाच हेलिकॉप्टरमध्ये तिची दोनदा शुद्ध हरपली होती.

म्हणून अर्ज.

ठाण्यावरचा कप्तान तिशीचा होता, दूर दक्षिणेकडचा, आणि सभ्य. त्यानं मला बसायला सांगितलं, चहा दिला, अर्ज दोनदा वाचला. त्याची आईही त्याच आजारानं गेली होती म्हणे. तो म्हणाला की हे त्याच्या हातात नाही, वर पाठवावं लागेल. मग त्यानं दार लावून घेतलं आणि एक गोष्ट सांगितली. ती मी जशीच्या तशी लिहितो.

“तिमोफेई निकोलायेविच, तुमच्या भल्याचं सांगतो. उत्तर येईपर्यंत तिकडे फोन करू नका. कुणाकडूनही निरोप पाठवू नका. वर बसलेला माणूस काय बघणार? एक माणूस आठवड्यातून तीनदा अमेरिकेला फोन करतो आणि आता होडी घेऊन जायचं म्हणतो. तुम्ही गप्प राहिलात तर काहीतरी होऊ शकेल.”

मी त्याचे आभार मानले. घरी येऊन उनायाला सांगितलं. ती म्हणाली, डेलोरिस काळजी करील, निदान एक निरोप जाऊ दे. मी म्हणालो, जूनपर्यंत कळ काढ, मग समोरासमोर भेटशील. ती बरं म्हणाली. मी ग्लाफिरालाही बजावलं की बेटावरच्या माणसांशी आमच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. ती सरकारी नोकरीत, तिला सांगायची गरजही नव्हती. तिनं ती सगळी खाती फोनवरून काढून टाकली.

उनायानं माझं ऐकलं. कप्ताननं सांगितलं होतं, पण ऐकलं तिनं माझं.

मार्च गेला. एप्रिल गेला. डॉक्टरनं सांगितलेली मुदत संपली आणि ती होती. बारीक झाली होती, पण होती. सकाळी वाटीभर रस्सा प्यायची, दुपारी साखर घातलेला चहा, कधी मांताकचा, म्हणजे देवमाशाच्या कातडीचा, एक तुकडा चघळून टाकून द्यायची. खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवायची. मकार गेला की म्हणायची, बघ, याची पँट याच्या आधी घरी पोचेल.

शेजारची झिनाइदा त्या खिडकीवरून जाईनाशी झाली होती. तिचा मुलगा आधीच्या शरद ऋतूत लढाईत गेला होता. शवपेटी आली ती बंदच. तेव्हा उनाया रस्सा घेऊन तिच्याकडे गेली होती, तीस वर्षं ज्या घरात ती न विचारता शिरायची तिथं. झिनाइदानं दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, माझ्या पोराला मारलं ती तोफ तुझ्या लोकांची होती. भांडं पायरीवर ठेवून उनाया परत आली. दुसऱ्या दिवशी भांडं तिथंच होतं, वर बर्फ धरलेलं. ती ते घेऊन आली आणि मला म्हणाली, ती चुकीचं बोलली नाही, म्हाताऱ्या, पण माझे लोक कुठले ते मला आता कुणी सांगेल का? नंतर त्यावर कधी बोलली नाही.

मे महिन्यात मी होडी रंगवली. तळाला नवी पट्टी मारली. उनायाला झोपता यावं म्हणून मधल्या फळीवर रेनडियरची कातडी बांधायला दोऱ्या लावल्या. जूनच्या मध्यावर बर्फ गेलं. मी ठाण्यावर गेलो. कप्तान म्हणाला, उत्तर नाही. पण नाही असंही कुणी म्हणालेलं नाही, ते चांगलं लक्षण आहे. पुन्हा गेलो. पुन्हा तेच. चौथ्या वेळी तो माझ्याकडे न बघता बोलला.

आमच्याकडे शिकारीला निघताना ठाण्यावर नोंद करावी लागते. होडीत कोण, पेट्रोल किती, कुठे जाणार, कधी येणार. परत आलात की पुन्हा सही. बारा मैलांच्या पुढे जायचं नाही. जुलैच्या एका स्वच्छ दिवशी मी नोंद केली, सोबत बायको, जुन्या गावापर्यंत, संध्याकाळी परत. कप्ताननं सही दिली.

टोकावर पोचल्यावर मी तिला पाठुंगळी घेऊन चढावर नेलं. वजन काही नव्हतंच. तिथं देवमाशांच्या फासळ्या अजून रोवलेल्या आहेत, त्यातल्या एकीला टेकवून बसवलं. बेट दिसत होतं. डोंगराच्या बाजूला बर्फाचे पट्टे दिसत होते. ती म्हणाली, त्या पट्ट्याच्या खाली आमचं घर. डेलोरिस आत्ता मासे वाळत घालत असेल आणि नवऱ्याला शिव्या देत असेल.

माझ्या होडीत दोन टाक्या जास्तीच्या होत्या. नोंदीत नव्हत्या. मी तिला सांगितलं. म्हणालो, समुद्र सपाट आहे, पाच तासांत तू तिथं असशील.

तिनं विचारलं, “आणि मग तू?”

मी म्हणालो, माझं मी बघेन.

“तुझं तू बघशील. तुझी होडी जप्त करतील, ते ठीक. पण ते तिथंच थांबतील का? सगळ्या होड्या किनाऱ्यावर उलट्या पाडून ठेवतील. मकार काय खाईल? झिनाइदा काय खाईल?”

मी म्हणालो, झिनाइदाचं तू बोलतेस?

ती म्हणाली, “तिला पोर नाही आता. मांस तरी मिळू दे. चल, मला थंडी वाजते.”

मी तिला खाली आणलं. संध्याकाळी ठाण्यावर परतीची सही केली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, ऑगस्टच्या मध्यावर, ग्लाफिराचा फोन आला. शिकारीच्या बंदुकांनी आणि होडीच्या इंजिनांनी माझे कान गेलेले आहेत, म्हणून मी फोन नेहमी मोठ्यानं लावून मधे ठेवतो. उनाया खाटेवर होती. ग्लाफिरा बोलू की नको अशी चाचरत होती. तिच्या पोराला अलास्कातल्या कुणीतरी ओळखीच्यानं फोटो पाठवला होता. डेलोरिसच्या नातीला जूनमध्ये मुलगी झाली. फोटोखाली नाव होतं.

“तिमादादा, त्यांनी बाळाचं नाव उनाया ठेवलंय.”

 ग्लाफिराच बोलत राहिली. त्यांचा काय दोष म्हणाली. जानेवारीत आपण दोन महिने सांगितले, मग मार्चपासून एकदम चिडीचूप. पाच महिने. तिकडे सगळे धरून चालले की वहिनी गेली आणि कळवायला वाट नाही. बाळ आलं, तर नाव वाया जाऊ नये म्हणून त्यांनी देऊन टाकलं. प्रेमानंच दिलं.

खाटेवरून उनायानं विचारलं, “बाळ कसं आहे?”

ग्लाफिराला ती ऐकते आहे हे माहीत नव्हतं. ती रडायला लागली. “वहिनी, बाळ अशक्त आहे गं. दूध ओढत नाही म्हणे. विमानानं मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, त्यांना काही सापडलं नाही. वहिनी, मी आत्ताच्या आत्ता त्यांना सांगते तू आहेस म्हणून. नोकरी गेली तर गेली.”

“थांब,” उनाया म्हणाली. “काही सांगू नकोस. मी सांगेन तेव्हा.”

फोन ठेवला. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. मला वाटलं ती रडेल किंवा चिडेल.  ती छताकडे बघत म्हणाली की तरीच. तरीच जूनपासून तिला हातपाय आपले वाटत नव्हते. मी म्हणालो, तो आजार आहे. ती म्हणाली, असेल.

त्या दुपारी मी रस्सा आणला तर तिनं वाटी बाजूला सारली. संध्याकाळी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मी चमचा तोंडाशी धरला, तर तिनं ओठ मिटले, जसे लहान मुलं मिटतात.

मी रागावलो. आजारपणात मी तिच्यावर एकदाच रागावलो ते तेव्हा. म्हणालो, हा काय वेडेपणा आहे. डॉक्टर म्हणतो कॅन्सर मारील आणि तू स्वतःला उपाशी मारतेस.

ती म्हणाली, “एक नाव आणि दोन तोंडं. मी इथं गिळत राहिले तर ती तिथं काय पिणार?”

“तुझं नाव तुझं आहे. त्यांची चूक झाली. मी फोन करतो, ते परत घेतील.”

“आणि मग? मी महिन्याभरात जाणारच आहे. एकदा काढून घेतलेलं नाव त्या पोरीला परत कुणी लावणार नाही. दुसरं मूल कधी होणार? माझं नाव काय या खाडीत भिजत पडू दे?”

मी म्हणालो, मला नावाचं काही पडलेलं नाही. मला तू पाहिजेस, एक दिवस तर एक दिवस.

 ती हळू बोलली, “आणि डेलोरिस? तिला कळलं की मी जिवंत असताना तिनं माझं नाव काढून बाळाला दिलं, तर तिच्या घशाखाली घास उतरेल का पुढं? तू तिला सांग मी गेले. बाळाच्या आधी गेले असं सांग. मग सगळं जागच्या जागी बसतं.”

मी नाही म्हणालो. चार दिवस आमचं हेच चाललं. ती पाण्यानं ओठ ओले करायची, बाकी काही नाही. रिम्मा आली, तिनं सुई लावायचा प्रयत्न केला, उनायानं हात ओढून घेतला. रिम्मा मला बाहेर घेऊन म्हणाली की अन्न घेतलं असतं तर सप्टेंबर काढला असता, कदाचित ऑक्टोबर. असं किती दिवस, ते मी विचारलं. ती म्हणाली, दहा. बारा.

मला त्या बाळाचा राग आला होता, हे मी लपवत नाही. दोन महिन्यांचं पोर, कधी पाहिलेलं नाही, आणि मी मनात म्हणत होतो की ते माझ्या बायकोला खातं आहे. म्हातारी माणसं म्हणायची ते मी पूर्वी फारसं मनावर घेतलं नव्हतं. आता घेत होतो, आणि उलट्या बाजूनं घेत होतो.

पाचव्या दिवशी दुपारी उनायाला डोळा लागला तसा मी दवाखान्यात गेलो. रिम्माच्या फोनवरून तिकडे लागतं हे मला माहीत होतं. मी तिला सांगितलं, बेटावर लाव. तिनं ठाण्याच्या दिशेनं एकदा बघितलं आणि लावून दिला. मी काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. बोलायचं एवढंच की ती जिवंत आहे, नाव परत घ्या.

डेलोरिसनं उचलला. माझा आवाज ऐकून ती आधी शिव्याच देत सुटली. पाच महिने, म्हणाली, पाच महिने, दाजी, तुमचे डोंगरसुद्धा दिसतात आम्हाला इथून आणि तुमचा एक शब्द नाही. मी म्हणालो, फोन करायची सोय नव्हती. तिनं विचारलं, तुमच्याकडून की सरकारकडून? मी म्हणालो, दोन्ही. ती जरा शांत झाली.

मागं बाळ रडत होतं. जोरानं नाही. मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. डेलोरिसनं फोन बाजूला केला आणि मला तिचं बोलणं ऐकू आलं, मला नव्हे, बाळाला.

“ताई, उगी. उगी गं ताई. कोणाचा फोन आहे बघ. तू एवढी वर्षं माझं तोंड धुतलंस, माझ्या वेण्या घातल्यास, आता मी तुझं करते. पी बघू थोडं. माझ्यासाठी पी, ताई.”

पन्नाशी उलटलेली बाई त्या दोन महिन्यांच्या पोरीला ताई म्हणत होती. तोंडदेखलं म्हणत नव्हती. उनायाशी ती याच आवाजात बोलायची, मी तीस वर्षं ऐकलेला आहे.

मग ती परत फोनवर आली आणि तिनं विचारलं, “दाजी, आम्ही बरोबर केलं ना? मला रोज भीती वाटते. कुणी कळवलं नव्हतं. मी आपलं मनानंच धरलं. ताई कधी गेली?”

रिम्मा टेबलापलीकडे बसली होती. तिला आमची भाषा येत नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, “मेमध्ये. वीस तारखेला.”

डेलोरिसनं श्वास सोडला तो मला ऐकू आला. “म्हणजे बाळाच्या आधी,” ती म्हणाली, आणि मग रडायला लागली. बराच वेळ रडली. मी फोन धरून उभा होतो. तिनं विचारलं, फार त्रास झाला का? मी म्हणालो, नाही, झोपेत गेली. तिनं विचारलं, काही म्हणाली का? मी म्हणालो, तुझी आठवण काढत होती.

मग ती म्हणाली की थांबा, ताईशी बोला. मी नको म्हणालो. ती म्हणाली, असं कसं नको, तुमचीच बायको आहे, नवऱ्याचा आवाज ऐकला तर कदाचित पिईल. तिनं फोन बाळाच्या कानाला लावला. बाळाचं रडणं एकदम जवळ आलं. मग थांबलं. नुसता श्वास ऐकू यायला लागला.

 रोज शिकारीवरून येऊन दारातून जे विचारायचो तेच तोंडातून आलं.

“जेवलीस का?”

आणि मी फोन रिम्माच्या हातात दिला.

तिनं विचारलं, सांगितलंत? मी हो म्हणालो. ती म्हणाली, बरं झालं, आता तरी बाई दोन घास खाईल. मी बाहेर आलो. दवाखान्याच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. मकार किनाऱ्यावरून वर येत होता, त्यानं हात केला, मी केला नाही.

घरी आलो तेव्हा उनाया जागी होती. मी तिच्याजवळ बसून सांगितलं की मी डेलोरिसशी बोललो. तू मेमध्ये गेलीस असं सांगितलं. तिनं विचारलं, रडली? मी म्हणालो, खूप. तिनं विचारलं, बाळाला ती काय म्हणून हाक मारते? मी म्हणालो, ताई. तिनं डोळे मिटले. चेहऱ्यावर दुखण्याच्या खुणा होत्याच, पण तोंड हसल्यासारखं झालं.

मी वाटी आणली. मला वाटलं, निदान आता. तिनं मान हलवली. म्हणाली, “म्हाताऱ्या, मेलेल्या बाईला भरवतोस?” ती चेष्टा करत होती. तिनं केलेली ती शेवटची.

ती पुढं नऊ दिवस होती. शेवटचे दोन दिवस बोलली नाही. अठ्ठावीस ऑगस्टला सकाळी गेली. झिनाइदा आली, दारात उभी राहिली, मग आत येऊन तिनं उनायाचे केस विंचरले.  मकारनं आणि मी टेकडीवर जागा केली. खाली जमीन गोठलेली होती, कुदळ लागत नव्हती, म्हणून दगड रचले.

फळीवर अक्षरं काढायला मकार ब्रश घेऊन बसला. उनाया लिहू नकोस असं मी त्याला सांगितलं. त्यानं का विचारलं नाही, त्याला नियम माहीत आहे. विनिफ्रेड हे रशियन अक्षरांत कसं बसवायचं यावर आम्ही थोडा वेळ घालवला. मग त्यानं तारीख विचारली. मी म्हणालो, घालू नकोस. तो म्हणाला, तारखेशिवाय फळी कशी, कुत्र्याच्या घरालाही त्याच्याहून जास्त लिहितात. मी पुन्हा नको म्हणालो. वाट कधीतरी परत उघडेल. मी नसेन तेव्हा, पण उघडेल. डेलोरिस होडीतून येईल आणि आधी त्या टेकडीवर चढेल.

तिचे फोन आता येतात, ग्लाफिराच्या पोरानं माझ्या फोनवर काहीतरी बसवून दिलं आहे. कप्तानची बदली झाली. नवा माणूस मला काही बोलत नाही, मीही त्याला काही विचारत नाही. बाळ सप्टेंबरपासून दूध प्यायला लागलं. गाल आले आहेत, फोटोत दिसतात. डेलोरिस म्हणते की तुमचा आवाज ऐकला तेव्हापासून फरक पडला. मी हो म्हणतो.

ती सारखी विचारते की ताईचं शेवटचं सांगा. काय खायची, काय बोलायची, दुखायचं तेव्हा काय करायची. टोकावर बेटाकडे बघत ती डेलोरिसबद्दल जे म्हणाली, शिव्या देत असेल म्हणाली, ते ऐकून डेलोरिस किती हसली असती हे मला माहीत आहे. झिनाइदाबद्दल ती जे म्हणाली ते सांगावंसं वाटतं. वाटीबद्दलची चेष्टा तर मी रोज आठवतो, आणि ती समजेल असं माणूस या जगात एकच उरलं आहे.

मी मेपर्यंतचंच सांगतो.